अनोळखी भाग आधी पुसू नका

दादाची बुलेट माझ्याकडे दोन खेपांत आली. पहिल्या खेपेला चेसिस, चाकं आणि टाकी. दुसऱ्या खेपेला इंजिन, तेही पोत्यात भरलेलं. बिडाच्या सिलिंडरचं साडेतीनशेचं जुनं इंजिन, कुणा मिस्त्रीनं कामासाठी उघडलेलं आणि तसंच सोडून दिलेलं. पोतं जुन्या चादरीवर रिकामं केलं. क्रँक, पिस्टन, गिअर, टॅपेट, क्लचच्या प्लेटी लगेच ओळखू आल्या. नटबोल्ट सोडले तर सतरा भाग असे उरले, की ते कुठले हे बघताक्षणी सांगता येईना. मी आयुष्यभर टूलरूममध्ये लेथवर काम केलंय, मोजमाप हा माझा रोजचा धंदा. तरी त्यातल्या एका भागानं पंधरा दिवस घेतले.

तो भाग म्हणजे पोलादाची एक जाड चकती. एक तोंड आरशासारखं गुळगुळीत, त्यावर छोटी छिद्रं; दुसरं साधं. कडेतून आत आडवं गेलेलं एक गोल भोक, त्याच्या भिंतीही चकचकीत. आटे नाहीत, दाते नाहीत, चावीची खाच नाही, नंबर नाही.

दादाचा मुलगा शेजारी बसला होता. त्यानं चकती उचलली आणि तारेचा ब्रश हातात घेतला.

“काका, साफ करू? मग नीट दिसेल.”

“थांब रे. जे बघायचंय तेच निघून जाईल.”

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून आधी सांगितली. अनोळखी भाग हातात आला की तो धुवायचा नाही, पुसायचा नाही, एमरी पेपर तर जवळही आणायचा नाही. त्याच्यावरची मळी, काजळी, गंज, ओरखडे ही त्याची हकिगत आहे. दुसरी गोष्ट, त्याच्या नावाच्या मागे लागायचं नाही. नाव शेवटी कळतं. आधी त्याचे शेजारी शोधायचे: तो कशाला टेकत होता, कशावर घासत होता, त्याच्यातून काय वाहत होतं, त्याला कोण दाबून धरत होतं. हे कळलं की इंजिनात त्याला बसायला एकच जागा उरते.

मळ बघा

भाग उजेडात धरा आणि कुठल्या बाजूला कसला मळ आहे ते बघा. काळा, कोरडा, नखानं न निघणारा थर म्हणजे कार्बन. ती बाजू जळणाऱ्या वायूकडे होती: हेड, पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. तपकिरी, वार्निशसारखा पातळ थर म्हणजे तापून वाळलेलं ऑइल, म्हणजे भाग इंजिनाच्या आतला. बोटाला चिकटणारी, वाळू मिसळलेली मळी ही बाहेरच्या भागांवर, चेनच्या आसपास असते. हिरवट डाग तांब्या-पितळेचे. पांढरी भुकटी अॅल्युमिनियमची, बहुधा पाणी शिरल्याची.

एकाच भागावर दोन तऱ्हा दिसल्या तर फार बरं. अर्धा भाग ऑइलचा आणि अर्धा मातीचा असेल, तर तो कव्हरमधून बाहेर डोकावत होता, आणि ती सीमारेषा जिथे आहे तिथे ऑइल सील किंवा बुश (शाफ्टभोवतीचं धातूचं नळकांडं) होता.

आमच्या चकतीवर सगळीकडे वार्निशचा हलका थर होता, फक्त आरशाच्या तोंडावर आणि आडव्या भोकात नव्हता. म्हणजे भाग ऑइलमध्ये राहणारा, आणि या दोन जागा सतत घासल्या जाणाऱ्या.

हे बघून झालं की प्रत्येक बाजूचा फोटो काढा. समोरून फ्लॅश मारून नव्हे, कडेनं तिरपा उजेड पाडून, म्हणजे ओरखडे उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवा.

लोहचुंबक, वजन, कानस

याला पाच मिनिटं लागतात. लोहचुंबक चिकटला तर पोलाद किंवा बीड. नाही चिकटला आणि भाग हलका असेल तर अॅल्युमिनियम. त्याच आकाराच्या लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजन हाताला जाणवतं. नाही चिकटला आणि जड, पिवळसर किंवा तांबूस असेल तर पितळ किंवा फॉस्फर ब्राँझ. जुन्या इंजिनात ब्राँझचा भाग दिसला की तो बुश किंवा थ्रस्ट वायसर (फिरणाऱ्या भागाचा कडेचा रेटा झेलणारी चकती) आहे असं आधी धरून चालावं. पोलादी शाफ्ट फिरताना झीज स्वस्त भागावर यावी म्हणून तो धातू मुद्दाम मऊ ठेवलेला असतो.

कानशीची परीक्षा जपून करायची. जी कड कामाची नाही, तिच्यावर बारीक कानशीचा एकच हलका हात. कानस धातू कापते की काचेवरून जावी तशी घसरते, हे लगेच कळतं. घसरली तर भाग कडक केलेला आहे, आणि कडक करण्याचा खर्च कुणी उगाच करत नाही. त्यावर काहीतरी घासतं किंवा आपटतं. निळी झाक दिसली तर पोलाद साधारण ३०० अंशांपर्यंत तापलेलं आहे. गिअर किंवा पिनवर ती दिसली तर भाग ओळखून झाला तरी परत बसवायच्या आधी विचार करा, कारण त्याचा कडकपणा उतरलेला असू शकतो.

घासल्याच्या खुणा वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक भिंग घ्या, दिवा कडेला ठेवा आणि भाग हळूहळू फिरवत बघा.

चकाकी म्हणजे घर्षण. चकाकी कशी आहे त्यावरून चाल कळते. दांड्यावर लांबीच्या दिशेनं ओरखडे असतील तर तो आत-बाहेर सरकत होता, आडवे वेढे असतील तर फिरत होता. फिरतो ती चकाकी सगळीकडून सारखी असते. एकाच बाजूला चमक असेल तर भाग स्थिर होता आणि भार त्या बाजूनं येत होता. गोल वायसरच्या एका तोंडावर चमकणारी रिंग आणि दुसरं तोंड मंद, असं दिसलं तर तो नुसता वायसर नाही, थ्रस्ट वायसर आहे. चमकणारं तोंड फिरणाऱ्या भागाकडे होतं. त्यावर ऑइलच्या चऱ्या असतील तर त्याही सहसा त्याच बाजूला असतात. कुठेच चमक नाही, पण कडेला दाबाचा ठसा आहे, तर तो स्पेसर: दोन भागांमध्ये घट्ट दाबून बसलेला, न हलणारा. पोकळ छोटी नळी, बाहेरून नेमक्या मापाची, आतून ओबडधोबड, अर्ध्या लांबीवर रंग बदललेला, तर तो डॉवेल. अर्धा एका कव्हरात, अर्धा दुसऱ्यात.

आता आमची चकती. आरशाच्या तोंडावर केसाएवढे बारीक ओरखडे होते. मी पहिले दहा-बारा दिवस ते गोल आहेत असंच समजत होतो, म्हणजे चकती शाफ्टबरोबर फिरत असणार. त्या समजुतीनं मी तिला ब्रीदरमध्ये, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या भागात, बसवून पाहिलं, कॅमच्या टोकाला लावून पाहिलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टमागे ठेवून पाहिलं. कुठेच बसेना. मग एका रात्री दिवा अगदी जमिनीसरसा धरला आणि भिंगातून एकेक ओरखडा शेवटपर्यंत पाहत गेलो. एकही ओरखडा पूर्ण वर्तुळ करत नव्हता. प्रत्येक थोडा चालून थांबलेला, आणि सगळे साधारण त्याच ठिकाणी थांबलेले. वर्तुळाचे तुकडेच होते ते सगळे.

म्हणजे चकती फिरत नव्हती. डुलत होती. इकडे थोडी, तिकडे थोडी.

मागच्या साध्या तोंडावर मधोमध एक फिकट गोल ठसा होता, स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्याचा. म्हणजे स्प्रिंग तिला आरशाच्या तोंडावर दाबून धरत होती. आणि आरशाच्या तोंडावरची छिद्रं आत, आडव्या भोकात निघत होती; तारेचा तुकडा घालून खात्री केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला बोलावलं आणि विचारलं, “डुलणारी, स्प्रिंगनं दाबलेली, पॅकिंग नसताना नुसत्या सपाट तोंडावर ऑइल अडवणारी आणि पोटात गुळगुळीत भोक असलेली वस्तू काय असेल?”

तो म्हणाला, “भोकात काहीतरी आत-बाहेर होत असणार. पिचकारीसारखं.”

पंप होता तो. जुन्या बुलेटचा ऑइल पंप दात्यांचा नसतो. क्रँकशाफ्टच्या टायमिंग बाजूला (जिथे कॅम फिरवणारे गिअर असतात) वर्म, म्हणजे मळसूत्रासारखा गिअर असतो, तो एका आडव्या स्पिंडलला फिरवतो. स्पिंडलच्या दोन्ही टोकांना मध्य सोडून एकेक पिन असते. पिन गोल फिरते तसा प्लंजर, म्हणजे पिचकारीच्या दट्ट्यासारखा दांडा, चकतीच्या भोकात आत-बाहेर होतो आणि त्याच हालचालीनं चकती डुलते. डुलताना तिची छिद्रं एकदा ओढायच्या वाटेवर येतात, एकदा ढकलायच्या. व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही कामं एकच चकती करते. दोन टोकांना दोन पंप: एक ऑइल बेअरिंगांकडे पाठवतो, दुसरा क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या खोलीत) गळलेलं ऑइल ऑइलच्या टाकीकडे परत नेतो.

रिकाम्या जागांची यादी

मग ही जागा मला आधी का दिसली नाही? कारण ती झाकलेली होती. टायमिंग कव्हरवरची पंपाची दोन्ही छोटी झाकणं स्क्रूनं नीट बसवलेली होती. मी समजलो की पंप आत जसेच्या तसे आहेत आणि त्यांना हात लावला नाही. त्या मिस्त्रीनं एका बाजूची चकती काढली होती आणि रिकाम्या खोलीवर झाकण लावून टाकलं होतं. स्क्रू सोडले, झाकण उचललं, आणि आत फक्त स्पिंडलची पिन दिसली. वर्म हातानं फिरवला तर ती रिकाम्यात गोल फिरत होती.

म्हणून भागांची यादी करता तशीच रिकाम्या जागांचीही करा. प्रत्येक भोक, प्रत्येक खाच, शाफ्टचं प्रत्येक टोक. जिथे चकाकी आहे पण घासणारं शेजारी काही नाही, ती जागा रिकामी. माप लिहा. आणि बंद झाकणं उघडा. दुसऱ्यानं उघडलेल्या इंजिनात “हे हललेलं दिसत नाही” याला काही अर्थ नसतो.

मापं घेताना

मापं व्हर्नियरनं दोन दिशांनी आणि दोन-तीन जागी घ्या. झिजलेला भाग लांबट गोल होतो आणि एकच माप फसवतं. मूळ माप हवं असेल तर जिथे घर्षण पोचत नाही तिथे मोजा.

इंच की मिलिमीटर, हे आधी ठरवा. ६.३५ म्हणजे पाव इंच, ७.९४ म्हणजे पाच सोळांश (आपल्या वर्कशॉपच्या भाषेत अडीच सूत), ९.५३ म्हणजे तीन सूत. ब्रिटिश घडणीच्या गाडीत आट्याची मापं अशीच येतील. जपानी गाडीत सरळ ६, ८, १० येतील. पोत्यात दोन्ही दिसायला लागले, तर दुसऱ्या गाडीचे भाग मिसळले आहेत किंवा मध्ये कुणीतरी आटे नव्यानं पाडले आहेत.

आट्यांत गफलत फार होते, म्हणून नीट सांगतो. पाव इंची बारीक आट्याच्या बोल्टला इंचात २६ आटे असतात, म्हणजे एका आट्याचं अंतर ०.९८ मिलिमीटर. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टचं अंतर बरोबर १. फरक इतका कमी की पाव इंची नट सहाच्या बोल्टवर सहज चढतो, थोडा ढिला वाटतो, आणि आवळताना आटे घेऊन निघतो. अडीच सुती बोल्टचंही तसंच: बीएसएफ (ब्रिटिश मापाचा बारीक आटा) असेल तर इंचात २२ आटे, अंतर १.१५, आठ मिलिमीटरच्या बोल्टचं १.२५. नट चढला म्हणून जोडी जमली असं समजू नका. पिच गेज (आट्यांचं अंतर तपासायची दातेरी पट्टी) लावा आणि दिव्यासमोर धरा, दोन्हींमध्ये उजेडाची फट दिसता कामा नये. व्हिटवर्थ (ब्रिटिश मापाचा जाड आटा) आणि बीएसएफ आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. गेज बरोबर घेतलं तर हा फरकही डोळ्याला दिसतो.

उलटे आटे दिसले तर नुसता खूश होऊ नका, त्याचा उपयोग करा. ते अशाच जागी देतात जिथे फिरण्याच्या दिशेनं साधा नट सुटला असता. संपूर्ण इंजिनात अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बुलेटमधला हा पंपाचा वर्मच उलट्या आट्यांचा आहे, आणि हे माहीत नसलेल्यांनी तो तोडलेला मी पाहिलाय.

बेअरिंग ओळखणं सोपं, त्यावर नंबर असतो. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असतील तर त्यांना पाचनं गुणा, आतला व्यास मिळतो. ६२०४ म्हणजे आत २०, बाहेर ४७, जाडी १४. ६२०५ म्हणजे २५, ५२, १५. फक्त ००, ०१, ०२, ०३ यांना हा नियम नाही. ते १०, १२, १५ आणि १७.

नंबरांवर किती विश्वास ठेवायचा

ओतीव भागावर उठावात आलेला नंबर हा बऱ्याचदा साच्याचा असतो. त्याच ओतकामातून वेगवेगळी भोकं पाडून दोन वेगळे भाग बनतात, त्यामुळे तो नंबर पार्ट्सच्या पुस्तकात सापडला नाही तर नवल नाही. ठोकून उमटवलेला नंबर जास्त कामाचा. पिस्टनवर नुसतं ०२० किंवा ०४० असेल तर तो भागाचा नंबर नव्हे. सिलिंडर तेवढे हजारांश इंच वाढवून बोअर केला होता असा त्याचा अर्थ. शंका आली तर सिलिंडर मोजा: साडेतीनशे बुलेटचा मूळ बोअर ७०, पाचशेचा ८४.

पार्ट्सच्या पुस्तकातली सुट्या भागांची चित्रं उपयोगी, पण ती शेवटी उघडा. आधी उघडली की डोळे चित्राला जुळणारं तेवढंच बघतात. मी चकतीसाठी ती सुरुवातीलाच चाळली होती आणि पंपाच्या पानावरून पुढे गेलो होतो, कारण त्या चित्रात चकती प्लंजरसकट, कडेनं काढलेली होती आणि माझ्या हातातली तशी दिसत नव्हती.

पोत्यातला एखादा भाग त्या गाडीचा नसेलच, हेही लक्षात ठेवा. आमच्यात एक पिस्टन रिंग निघाली, तिच्या दोन्ही टोकांना आतून छोटी खाच. अशी रिंग टू-स्ट्रोकची. तिथे पिस्टनच्या खोबणीत पिन असते, रिंग फिरून तिचं टोक पोर्टमध्ये अडकू नये म्हणून. बुलेटमध्ये तिचं काही काम नाही. सतरातले चार भाग असे परके निघाले. ते वेगळ्या डब्यात ठेवलेत, टाकलेले नाहीत.

बसला, पण तोच आहे का?

भाग जागेवर गेला एवढ्यावर थांबू नका. हातोडी लागत असेल तर बहुधा जागा चुकली आहे. आता धुवायला हरकत नाही. रॉकेलनं धुवा, मऊ ब्रशनं. मग सपाट तोंडावर मार्करच्या शाईचा पातळ थर द्या, भाग बसवा, जशी चाल असेल तशी हातानं हलवा आणि काढून बघा. शाई जिथून पुसली गेली ती जागा जुन्या चकाकीवर तंतोतंत पडली पाहिजे.

चकतीचा एक प्रश्न उरला होता, दोनातला पंप कुठला? दुसऱ्या बाजूचं झाकण उघडून तिथली चकती शेजारी ठेवली. आमच्या चकतीचं आडवं भोक स्पष्ट मोठं होतं. परतीच्या पंपाची क्षमता मुद्दाम जास्त ठेवलेली असते, क्रँककेसमध्ये ऑइल साचू नये म्हणून. म्हणजे आमची परतीची. ती नसताना इंजिन चालू केलं असतं तर सगळं ऑइल खाली उतरलं असतं आणि टाकीकडे थेंबही परत आला नसता.

आता प्लंजर. तो पुतण्यानं शोधला. मी पहिल्याच दिवशी डॉवेल आणि पिनांचा वेगळा ढीग केला होता, त्यात एक गुळगुळीत गोल दांडा होता, एका टोकाजवळ भोक पाडलेला. त्यानं तो उचलून चकतीच्या भोकात सोडला. ऑइलचं एक बोट लावलेलं होतं. दांडा स्वतःच्या वजनानं हळूच आत उतरला, कुठेही खडखडला नाही. त्यानं छिद्रांवर बोट दाबलं, दांडा बाहेर ओढला, आणि म्हणाला, “काका, बोट ओढतंय.”

आरशाच्या तोंडावर एक जरा खोल रेघ होती. काचेच्या जाड तुकड्यावर अगदी बारीक ग्राइंडिंग पेस्ट आणि थोडं ऑइल घेऊन, चकती हलक्या हातानं इंग्रजी आठच्या आकारात फिरवली, तोंड एकसारखं मंद दिसेपर्यंत. दुसऱ्या बाजूची चकती तिच्याच जागी परत गेली; दोघींची तोंडं आपापल्या जागेशी जुळलेली असतात, अदलाबदल करू नये. पेस्टचा कण राहिला तर तोच सगळं खाऊन टाकतो, म्हणून तीन वेळा रॉकेल, मग छिद्रांतून हवा. बसवताना पंपाची खोली ऑइलनं भरली, स्प्रिंग लावली, नवीन पॅकिंग, झाकण.

इंजिन उभं राहिल्यावर प्लग काढून आम्ही दोघं आळीपाळीनं किक मारत राहिलो, परतीच्या वाटेनं ऑइल यायला लागेपर्यंत. आधी बुडबुडे आले, मग बारीक धार.

चकतीला पंधरा दिवस बांधलेला पुठ्ठ्याचा टॅग पुतण्यानं फोटोंबरोबर वहीत चिकटवला. त्यावर माझ्या अक्षरात आधी लिहिलं होतं, “चकती, अनोळखी, फिरते.” शेवटचा शब्द खोडून मी वर “डुलते” लिहिलं होतं. त्यानं खाली भर घातली: “परतीचा पंप. आरशाचं तोंड आत, स्प्रिंग झाकणाकडे.”